‘कुत्र्याचे दात साफ करायचे म्हणजे चोचले’: खानापूरच्या दादांना उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रागानं लिहिलीय, पण कुत्र्यावर जीव असलेल्या माणसानं लिहिलीय, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. कुत्र्याचे दात डॉक्टरकडून, भूल देऊन साफ करून घ्यावेत असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. दादांचं म्हणणं असं की हे शहरातल्या पैसेवाल्यांचे चोचले आहेत. आजोबांच्या शेतावरची कुत्री हाडं फोडून खायची, त्यांचे दात कुणी घासले नव्हते. म्हाताऱ्या कुत्र्याला भूल देणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. आणि कुत्र्यांचे केस कापणारा एक जण भुलीशिवाय, निम्म्याहून कमी पैशांत दात खरवडून देतो, मग डॉक्टर कशाला? शेवटी त्यांनी विचारलंय, ‘आमचा वाघ्या मुधोळ आहे, ९ वर्षांचा. ताकात कुस्करलेली भाकरी अजून चाटूनपुसून खातो. त्याला काय धाड भरलीय?’

आधी भुलीचं बोलू, कारण तिथे तुमची काळजी रास्त आहे आणि मागच्या लेखात मी ते एका वाक्यात उरकलं, ही माझी चूक. ब्रिटनमध्ये ९८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या भुलीच्या नोंदी तपासल्या होत्या, २००८ साली ते छापून आलं. निरोगी कुत्र्यांत मृत्यूचं प्रमाण साधारण दोन हजारांत एक निघालं. आजारी कुत्र्यांत मात्र ७५ मध्ये एक. म्हणजे भुलीआधी रक्त तपासून मूत्रपिंड आणि यकृत कसं चाललंय ते बघणं ही बिल वाढवायची युक्ती नव्हे, आपलं कुत्रं या दोन आकड्यांपैकी कुठल्या बाजूला आहे ते त्यातून कळतं. त्याच नोंदींतली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मेलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्मी काम संपल्यावर, भूल उतरताना गेली होती. म्हणून डॉक्टरांना ‘भूल कोण देणार’ एवढंच विचारू नका, ‘नंतर त्याच्याजवळ कोण बसणार’ हेही विचारा. कुत्रं मान उचलून नीट बसेपर्यंत कुणीतरी शेजारी हवंच.

वाघ्या मुधोळ आहे, तेव्हा तुम्हाला तर हे कळायलाच हवं. मुधोळसारख्या, ग्रेहाउंडच्या सडपातळ बांध्याच्या शिकारी कुत्र्यांच्या अंगावर चरबी फारशी नसते आणि त्यांचं यकृत काही औषधं फार सावकाश मोडतं. थायोपेंटोन हे भुलीचं जुनं औषध अशा कुत्र्यांत लवकर उतरत नाही, कुत्रं तासन्‌तास गुंगीत पडून राहतं. आता बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी प्रोपोफॉल हे औषध वापरतात. तरीही ‘हा मुधोळ आहे’ हे आपण होऊन सांगायचं आणि कुठलं औषध देणार ते विचारायचं. चरबी कमी असल्यामुळे ही कुत्री टेबलावर लवकर गारही पडतात, पांघरूण लागतं. आपल्याकडचे दवाखाने मुख्यतः गाई-म्हशींचे. तिथला डॉक्टर ‘हे आमच्याकडे नको, मोठ्या दवाखान्यात न्या’ म्हणाला, तर तो माणूस प्रामाणिक आहे असं समजा.

आता भुलीशिवाय खरवडण्याचं. दादा, यात पैसे वाचत नाहीत, जातात. दातावर जेवणानंतर जो चिकट थर बसतो, तो दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांमुळे दगडासारखा होतो, तेच कीटण. कुत्र्याची लाळ आपल्या लाळेपेक्षा अल्कधर्मी, म्हणून त्यांचे दात किडत फारसे नाहीत, पण कीटण मात्र भराभर धरतं. दिसणारं पिवळं कीटण हा खरा आजार नाही. आजार हिरडीच्या आत, दाताच्या मुळाशी असतो. मोठ्या कुत्र्याची हिरडी दाताभोवती ३ मिलिमीटरपर्यंत सैल असणं ठीक, त्याहून खोल खड्डा झाला की तिथे जंतू बसतात आणि हाड झिजायला लागतं. शुद्धीवर असलेलं कुत्रं तिथे सळई घालू देईल का? आपण तरी देऊ का? म्हणून तो माणूस वरवर खरवडतो, दात पांढरे दिसतात, घरचे खूश होतात आणि आतलं तसंच राहतं. शिवाय पॉलिश न केलेल्या दातावर ओरखडे राहतात, त्यांत नवा थर आणखी लवकर धरतो. भुलीत श्वासनलिकेत नळी घालतात, ती केवळ भुलीच्या वायूसाठी नसते. दात साफ करायच्या यंत्राचं पाणी आणि तोंडातली घाण फुफ्फुसात जाऊ नये, हेही काम ती करते.

आजोबांच्या कुत्र्यांबद्दल मला वाद घालायचा नाही. आमच्याही शेतावर होती. पण खरं सांगा, त्यांचा ओठ वर करून कधी कुणी बघितलं होतं? जांबोटी-कणकुंबीकडच्या कुत्र्यांना बिबट्या नेतो, कुणी पिसाळतं, कुणी गाडीखाली जातं. दात पडायच्या वयापर्यंत किती पोचली? हाडं चघळून दाताचं टोक थोडं साफ होतं हे मान्य, पण हिरडीची कड तशीच राहते, आणि कठीण हाडानं दाढ फुटते.

हे मला कुणाकडून ऐकून माहीत नाही. आमच्या मोत्याच्या उजव्या डोळ्याखाली सूज आली तेव्हा आम्हाला वाटलं गांधीलमाशी चावली. हळद लावली, एका ठिकाणी नेलं, तिथे मलम आणि सुया मिळाल्या. सूज उतरली, पंधरा दिवसांत परत आली. पुन्हा सुया. तिसऱ्यांदा गळू फुटून डोळ्याखालून पू वाहायला लागला, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडलं. वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरली होती. तिला तीन मुळं असतात आणि ती बरोबर डोळ्याखाली येतात. आम्हीच दर रविवारी त्याला मटणाचं नळीचं हाड देत होतो, प्रेमानं. त्या सगळ्या दिवसांत मोत्यानं एकही जेवण चुकवलं नाही. शेपूट हलवायचं थांबवलं नाही. दाढ काढल्यावर चौथ्या दिवशी तो अंगणात चेंडू तोंडात धरून धावत आला, तेव्हा लक्षात आलं की कित्येक महिन्यांत त्यानं चेंडू तोंडात धरलाच नव्हता. मी पायरीवर बसून रडले. ‘तो खातो म्हणजे बरा आहे’ हे वाक्य मी त्या दिवसापासून म्हणत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर तुमचा मुद्दा खोटा नाही, प्रत्येकाला हे परवडणारं नाही. म्हणूनच घरचं काम आधी. लहान मुलाचा मऊ ब्रश किंवा बोटाला गुंडाळलेलं सुती फडकं, रोज रात्री, फक्त बाहेरची बाजू, हिरडीच्या कडेनं. पहिले आठ दिवस नुसतं बोट फिरवू द्या. दिवसाआड केलंत तरी चालेल, आठवड्यानं केलंत तर उपयोग नाही, तोवर थर दगड झालेला असतो. पेस्ट कुत्र्यांचीच. आपल्या पेस्टमध्ये फ्लोराइड असतं, काहींत झायलिटॉल हा गोडीसाठी घातलेला पदार्थ असतो, आणि झायलिटॉलनं कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम उतरते, यकृतही निकामी होऊ शकतं. पेस्ट नसेल तर नुसतं पाणी. निपाणीकडच्या एका ताईंनी विचारलं होतं, ‘आम्ही मिसरी लावतो, त्यालाही लावू का?’ ताई, अजिबात नको. तंबाखू कुत्र्याला विष आहे. चघळायला काही द्यायचं तर नख दाबल्यावर खूण उमटेल इतपतच कठीण द्या. पण एकदा कीटण दगड होऊन बसलं की ब्रशनं ते निघत नाही, तिथे डॉक्टरच लागतो.

आता वाघ्या. दादा, तुम्ही लिहिलंय की तो कुस्करलेली भाकरी खातो. ती कुस्करायला कधीपासून लागली? आधी कोरडी भाकरी तुकडा तोडून खात होता का? आज संध्याकाळी त्याचं तोंड मिटलेलंच ठेवा आणि गालाकडून वरचा ओठ उचला. मागची मोठी दाढ दिसेल, लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडतात म्हणून कीटण सगळ्यात जास्त तिथे. दोन्ही बाजू बघा. एका बाजूला फारच जास्त असेल, तर तो त्या बाजूनं चावत नाही, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण दुखणं असतं. हिरडीची कड लाल आहे का, वास कुजका आहे का, तेही बघा. हात लावू देत नसेल तर जबरदस्ती करू नका, तेवढंच मला कळवा. बेळगावला आणणार असाल तर मी सोबत येईन, आणि भुलीबद्दल डॉक्टरांना जे विचारायचं ते आपण दोघं मिळून विचारू.