पोरांची टेक्नॉलॉजी स्पर्धा भरवताय? मग हे नियम छापून घ्या

परवा भाचीला आणि तिच्या वर्गातल्या दोन पोरांना घेऊन एका टेक्नॉलॉजी आणि डिझाईन स्पर्धेला जाऊन आलो. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे त्यांच्या शाळेत वायरीचं काही निघालं की मामाला बोलावणं येतं. पहाटे साडेचारला पिकअपमध्ये मॉडेल बांधून निघालो ते रात्री साडेनऊला परत, आणि मधल्या वेळात स्पर्धा कशी भरवावी याचं एवढं ज्ञान मिळालं की एकट्याने ठेवून घेणं बरं नाही. तुम्ही संस्थाचालक असा, क्लासवाले असा नाहीतर मंडळाचे अध्यक्ष, पुढचं वाचून तसंच्या तसं छापायला टाका.

पहिला नियम, माहितीपत्रक इंग्रजीतच पाहिजे. नववीची पोरं मराठी माध्यमाची असली तरी. इनोव्हेशन, सस्टेनेबिलिटी आणि स्केलेबिलिटी हे तीन शब्द आलेच पाहिजेत, त्यांचा अर्थ तुमच्यापैकी कुणाला सांगता आला नाही तरी चालतं, विचारतंय कोण.

फी घ्या. सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत निवड झालेल्या पोराला मॉडेल बनवायला उलटे 10,000 रुपये मिळतात, थेट त्याच्या बँक खात्यात. असली वाईट सवय लावू नका. टीमला 500 रुपये, वर जेवणाचं कूपन वेगळं.

गुणांचा तक्ता मात्र अजिबात देऊ नका. दिला की पोरं त्याप्रमाणे तयारी करतात आणि निकाल लागल्यावर विचारायला येतात.

रिपोर्टिंग सकाळी 8 ला, उद्घाटन 11 ला. प्रमुख पाहुणे वाटेत आहेत. (ते कायम वाटेतच असतात.) मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, प्रत्येकाच्या नावामागे चार-चार विशेषणं. आणि भाषणात कलाम साहेबांचं नाव घेतल्याशिवाय कुणाला खाली बसू देऊ नका.

आता विजेचं. हे माझं खातं, म्हणून जरा सविस्तर. स्टॉल 46 असतील तर प्लगपॉइंट 4 पुरे, त्यातले 2 साऊंडवाल्याला द्या. पत्रकात एक ओळ टाकून द्यायची, स्पर्धकांनी एक्सटेन्शन बोर्ड स्वतः आणावा. मग पोरं बोर्डाला बोर्ड, त्या बोर्डाला आणखी बोर्ड अशी आगगाडी जोडत जातात, त्याच लाइनवर स्टेजचे हॅलोजन, मी शेवटच्या बोर्डाला मल्टिमीटर लावला तर 170 व्होल्ट, म्हणजे पाहिजे त्यापेक्षा बरंच कमी. अडॅप्टर गरम, सेन्सरचे आकडे वेडेवाकडे, आणि पोरं बिचारी आपलंच काहीतरी चुकलं म्हणून प्रोग्राम उघडून बसलेली. एका टीमची वायर प्रवासात तुटली होती, तिचं पाचच मिनिटांचं काम होतं, पण सोल्डरिंग गन आत न्यायला बंदी, आगीचा धोका म्हणे. स्टेजवर समई, कापूर आणि शेजारी कागदी फुलांची कमान, ते सगळं चालतं.

थीम पर्यावरण ठेवा. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, तेव्हापासून तो सगळा थर्माकोल पर्यावरण वाचवाच्या मॉडेलमध्ये जातोय असा माझा अंदाज आहे.

स्मार्ट डस्टबिनला पहिलं बक्षीस हा तर लेखी नियमच करून टाका. एक आर्डुइनो उनो (प्रोग्राम भरायचा छोटा बोर्ड), एक अल्ट्रासॉनिक सेन्सर, झाकण उचलायला एक छोटी सर्वो मोटर, हात पुढे केला की झाकण उघडतं. पायाने दाबली की झाकण उघडणारी डस्टबिन बाजारात कधीपासून मिळते, तिला चार्जिंगही लागत नाही, पण ती स्मार्ट नाही ना. असल्या सुट्या भागांच्या बाजाराला पुण्यात तपकीर गल्ली आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोड, तिथपर्यंत जायचं नसेल तर प्रोग्रामसकट किट घरपोच येतं. मी स्पर्धेतल्या एका डस्टबिनवाल्या पोराला सहज विचारलं, बाळा, हा सेन्सर अंतर कसं मोजतो रे? आवाज जातो, आपटून परत येतो, किती वेळ लागला त्यावरून अंतर, एवढंच. तो म्हणाला, ते काकांनी बसवलंय. पोराला काय बोलणार, त्याच्या हातात आयतंच दिलं होतं. मी बोलतोय ते त्याला पहिला नंबर देणाऱ्यांबद्दल.

अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे सरकारी योजनेतून शाळेत उभारलेली प्रयोगांची लॅब, असलेल्या शाळांना वेगळा गट वगैरे करू नका. त्या लॅबला 20 लाखांपर्यंत अनुदान असतं, आमच्या पोरांकडे दुकानातली पक्कड आणि माझं जुनं टेबल, पण स्पर्धा म्हणजे सगळे समान. तसंही एका शाळेत ती लॅब मी बघितलीय, थ्रीडी प्रिंटरवर प्लॅस्टिकचं कव्हर, कुलपाची चावी हेडसरांकडे आणि हेडसर मीटिंगला.

आता परीक्षण. खरं घोडं इथेच पेंड खातं.

परीक्षक दुपारी साडेतीनला, जेवून. प्रत्येक स्टॉलला 40 सेकंद. हे मी उगाच फुगवून सांगत नाही, मोबाईलवर लावून बघितलं. सरकारच्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉन स्पर्धेच्या सॉफ्टवेअर फायनलला कॉलेजची पोरं 36 तास काम करतात, परीक्षक मध्ये मध्ये येऊन बसतात, काय चुकतंय ते सांगतात, पोरं सुधारतात, परत दाखवतात. आपल्याला कशाला एवढा वेळ? प्रश्न दोनच ठरवून ठेवा. ह्यात एआय कुठंय? आणि ॲप बनवलंय का?

आमच्या पोरांचं मॉडेल कांदा चाळीचं होतं. आमच्याकडे उन्हाळी कांदा निघाला की चाळीत भरतात आणि भावाची वाट बघत पावसाळा काढतात. चाळ जमिनीपासून उचललेली असते, खालून हवा खेळावी म्हणून, पण पावसाळी हवा कोंडली की मधे एक कांदा सडतो, तो शेजारच्याला लावतो आणि वास येईपर्यंत पत्ता लागत नाही. पोरांनी ढिगात खाली, मधे, वर असे दमटपणा मोजणारे तीन सेन्सर घातले. आधी स्वस्तातला डीएचटी 11 घेतला होता, तो दमटपणात 5 टक्के इकडे-तिकडे दाखवतो, हे पोरांनीच शोधून काढलं आणि खाऊचे पैसे जमवून डीएचटी 22 आणले. दमटपणा वाढला की खालचा पंखा सुरू. सुरुवातीला पंखा लागला की आर्डुइनो बंद पडून परत चालू व्हायचा, प्रोग्राम चुकला समजून पोरं तीन आठवडे ओळ न ओळ तपासत होती, शेवटी भाचीच म्हणाली, मामा, दोघांना एकाच अडॅप्टरवर घेतलंय म्हणून तर नाही ना? तेच होतं. पंखा सुरू होताना व्होल्टेज बसायचं. मला सुद्धा सुचलं नव्हतं, आणि माझा तो धंदा आहे.

आणि तिची वही. जून ते सप्टेंबर, रोज सकाळ-संध्याकाळ तिन्ही सेन्सरचे आकडे, पेन्सिलीने, सातशेच्या वर नोंदी. पाऊस उघडल्यावर वरचा कांदा लगेच कोरडा होतो पण मधला दोन-दोन दिवस दमट राहतो, म्हणून पंखा वरच्या सेन्सरवर नाही तर मधल्यावर लावला, हे त्या वहीतून निघालं. कुणीही सांगितलेलं नव्हतं.

परीक्षक आले, म्हणाले ह्यात एआय कुठंय. ती म्हणाली सर, एआय नाहीये, पण ही वही बघा. ते म्हणाले मॉडेलला रंग का नाही दिला, आणि फोटोग्राफर पुढच्या स्टॉलला गेला म्हणून तेही गेले. वही तिने दोन्ही हातात उघडी धरली होती.

आता नियम-बियम राहू द्या, सरळ बोलतो. अहो, तुम्हाला पोरांचं काम बघायचं नसेल तर स्पर्धा भरवता कशाला? फ्लेक्सवर फोटो पाहिजे म्हणून? मग फ्लेक्सच लावा ना, 46 टीमच्या पोरांना पहाटे उठवून उन्हात बसवायची काय गरज? पाहुण्यांच्या सत्काराला दीड तास मिळतो आणि चार महिन्यांच्या कामाला एक मिनिट मिळत नाही? परीक्षकांना सेन्सर कळत नसेल तर नसू दे, गुपचूप खुर्ची ओढून बसायचं आणि पोरीला म्हणायचं, सांग बाई, काय केलंस. एवढं सुद्धा होत नाही? परतीच्या वाटेवर तिने एकच विचारलं, मामा, एआय घातलं असतं तर वही बघितली असती का. मी काय सांगू तिला? तुम्ही सांगा.

आणि सहभाग प्रमाणपत्रावर तिचं नाव चुकवलंय, आडनाव तर दुसऱ्याच कुणाचं आहे. ते दुरुस्त करून पाठवा. माहितीपत्रकावरच्या नंबरला तीन वेळा फोन केला, उचलत नाहीत, आणि तुमच्या त्या ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येतं.