"नुसतं ऑइलिंग सांगितलं आणि ब्रेकचं बिल लावलं" या रिव्ह्यूला आमच्या सायकल दुकानाचं उत्तर

नमस्कार सर, एक स्टार दिलात, हरकत नाही, पण "चांगले ब्रेक रबर काढून नवीन घातले, बिल वाढवायचे धंदे" असं लिहिलंय म्हणून उत्तर देतोय.

तुम्ही ऑइलिंग आणि हवा एवढंच सांगितलं होतं, बरोबर आहे. पण आमच्याकडे सायकल कुठल्याही कामाला येवो, आधी ब्रेक, हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) आणि चाकं बघितली जातात आणि त्याचे वेगळे पैसे लावत नाही. तुमच्या मागच्या रबरांच्या खाचा पार गेलेल्या आणि आत रिमच्या ॲल्युमिनियमचे कण रुतून बसलेले, पावसाळ्यात चिखल वाळू घुसली की असं होतं. सपाट रोडवर कळत नाही हो, ब्रेक लागतोच! पण तुम्हीच सांगितलं होतं की दर रविवारी सिंहगडला जाता, तो उतार अशा रबरांवर उतरणं म्हणजे रिम पण जाणार आणि एखाद्या वळणावर तुम्ही पण. म्हणून फोन केला, तुम्ही "करून टाका" म्हणालात, मगच हात लावला. काढलेले रबर पिशवीत ठेवलेत, कधीही येऊन बघा.

दुसरं, "आठ दिवसात ब्रेक परत लूज". रबरांबरोबर ब्रेक वायर पण नवीन टाकलीये, बिलावर आहे. नवीन वायर सुरुवातीला थोडी सैल पडतेच, आउटर कव्हर नीट बसतं म्हणून, कुठल्याही दुकानात टाका. त्यासाठीच पंधरा दिवसांनी फुकट चेकिंगला या म्हणून बिलाच्या मागे लिहिलेलं असतं (कोणी वाचत नाही ते माहितीये). घरी करायचं तर लिव्हरपाशी वायर जिथून बाहेर पडते तिथला गोल ॲडजस्टर अर्धा फेरा बाहेर काढा, वायर ताणली जाईल, मग त्याचा चेक नट (ॲडजस्टर जागेवर धरून ठेवणारा नट) परत टाईट करा. लिव्हर पूर्ण दाबली तरी हँडलच्या ग्रिपला टेकता कामा नये.

आणि चेन घसरते त्याचं तर आम्ही तेव्हाच सांगितलं होतं, तुम्ही नको म्हणालात, आम्ही नाही बदलली. आता बिल वाढवायचंच असतं तर तीच आधी बदलली असती ना? खात्री करायचीये तर घरची 12 इंची पट्टी घ्या, शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा, नवीन चेन असेल तर 12 वर बरोबर पिनेचा मध्य येतो. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेला तर चेन बदलायची, आणि एक सूत गेला तर बहुतेक फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीचे) दात पण खाल्लेले असतात, मग नुसती नवीन चेन टाकली तरी ती घसरतेच, दोन्ही टाकावं लागतं. तुमची अर्ध्या सुताच्या जराशी पुढे होती म्हणून लवकर करा म्हणालो.

हवेचं म्हणाल तर ट्यूबमधून थोडी थोडी जातेच, पंक्चर असलंच पाहिजे असं नाही, आठवड्याला एकदा टायरच्या बाजूवर छापलेल्या पीएसआयच्या (हवेच्या दाबाच्या) रेंजमध्ये भरत जा.

सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही सायकल घेऊन या, ब्रेक टाईट करून देतो आणि चाकात आउट असेल (चाक फिरताना डुलत असेल) तर तोही काढतो, त्याचे पैसे नाहीत. चेनचे मात्र लागतील.