पोरींची मारामारी कोण बघत नाही म्हणे!

परवापासून आमच्या बेळगावातल्या दोन-तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरायलाय. 2019 चा चार्लीज एंजल्स, म्हणजे तीन हेर पोरींचा हॉलिवूडचा ॲक्शन पिक्चर, आपटला कारण एक, पुरुष बायकांची ॲक्शन बघत नाहीत, दोन, बाई दहा जणांना लोळवते हे पटतच नाही, तीन, हिरोला घेऊन रिबूट (जुनाच पिक्चर नव्यानं) केला असता तर चालला असता, चार, सगळा वोक, म्हणजे पुरोगामीपणाचा, प्रचार. म्हणून असले पुढचे पण पडणार म्हणे.

पहिलं घेऊया. 2000 सालच्या एंजल्समध्ये पण तीन पोरीच होत्या की, कॅमेरॉन डियाझ, ड्रू बॅरीमोर, लूसी लियू, आणि अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत 4 कोटी डॉलर आले. 2019 वाल्याला तेवढ्याच दिवसांत जेमतेम 84 लाख. पोस्टरवर तेव्हा पण पोरी आणि आता पण पोरी, मग बदललं काय? आणि त्याच 2019 मध्ये बाईच हिरो असलेला कॅप्टन मार्व्हल 100 कोटी डॉलरच्या वर गेला, ती तिकिटं काय नुसती बायकांनी काढली व्हय?

खरं म्हणजे लोक गेलेच नाहीत, मारामारी बघून नापसंत करायचा प्रश्नच कुठं आला. मूळ सिरीयल 1976 ची, मधला पिक्चर 2003 चा, कॉलेजातल्या पोरांना नाव पण माहीत नाही आणि ज्यांना माहीत त्यांना त्या जुन्या तिघीच पाहिजेत. शिळ्या कढीला ऊत आणायचा तर ती कढी कुणालातरी आठवायला पाहिजे ना राव.

दुसरा मुद्दा बेळगावात बसून लिहायचा म्हणजे कमालच. कित्तूरचा किल्ला इथून तासाभरावर, तिथली राणी चेन्नम्मा 1824 ला इंग्रजांशी लढली, तिच्यावर 1961 ला बी. सरोजादेवीचा कन्नड पिक्चर पण येऊन गेला. आणि 90 च्या दशकातली कन्नड ॲक्शन हिरॉईन मालाश्री? भाषेवरून आपल्यात कितीही वाद असूदेत, पण ती खाकी घालून गुंडांना तुडवायला लागली की कन्नड धड न येणारे आमचे काका पण शिट्ट्या मारायचे.

तिसरं सोडाच. 2018 चा रॉबिन हूड आपटला, 2019 चा हेलबॉय पण आपटला, दोन्हीत हिरो बाप्याच. तेव्हा कोण म्हटलं नाही की पुरुषांनी धनुष्य उचलू नये.

चौथ्यात मात्र थोडं तथ्य आहे, मान्य. दिग्दर्शिका एलिझाबेथ बँक्स रिलीजच्या वेळी मुलाखतीत म्हणाली होती की हा चालला नाही तर पुरुष बायकांची ॲक्शन बघत नाहीत हा हॉलिवूडचा समज आणखी पक्का होईल. अगं बाई, पिक्चरला बोलवायलीस की परीक्षेला बसवायलीस? पण ही चूक प्रचाराची झाली, पडद्यावर लढणाऱ्या पोरींची नव्हे.

मेसेज टाकणाऱ्या दोस्ताला विचारलं, तू बघितलास काय रे पिक्चर? तर म्हणतो, नाही, ट्रेलर बघितलो होतो की.