नळावरची कळशी

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या वाड्यात एकच नळ होता. ज्याची कळशी खाली, नळ त्याचा. मग ती भरून वाहत असो, नाहीतर कळशीवाली शेजारी हळदीचा भाव विचारत बसलेली असो. हे शास्त्र २००५ साली लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, मला नव्याने शिकावं लागलं.

व्हायरसला कंटाळून मी घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं. सगळं झकास, फक्त आवाज एका वेळी एकालाच. सकाळी अण्णा नाट्यपदं लावायचे. (विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच नाटक उभं केलं, त्याचा अभिमान आमच्या घरात रोज सातला सुरू होतो.) दुपारी पुण्याहून ताईचा इंटरनेटवरून कॉल. तो घ्यावा तर उत्तर येई, 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी'. बिझी? घरात तर माशीसुद्धा गुणगुणत नव्हती.

"अण्णा, गाणं बंद केलंत ना?"

"केव्हाच केलंय की!"

केलं होतं ते पॉज. स्वस्तातल्या साउंड चिपला दोन आवाज मिसळता येत नाहीत. लिनक्सच्या ओएसएस नावाच्या जुन्या आवाज-पद्धतीत जो प्रोग्रॅम ते डिव्हाइस आधी उघडेल तो मालक, आणि पॉजवर असला तरी बऱ्याचदा तो जागा सोडत नसे. नंतरच्या अल्सा पद्धतीत डीमिक्स नावाचा हौद होता, सगळ्यांचं पाणी एकत्र करणारा. पण कॉलचा प्रोग्रॅम जुन्या वळणाचा, थेट नळालाच तोंड लावणारा.

'फ्यूझर' कमांडने डिव्हाइस अडवणाऱ्या गुन्हेगाराचा, म्हणजे अण्णांच्या प्लेअरचा, नंबर दिला. मी त्याला 'किल' केलं, म्हणजे जबरीने बंद पाडलं.

"माझी यादी कुठं गेली रे?" अण्णा ओरडले. दोन तास जमवलेली पदं.

पुन्हा कॉल, पुन्हा बिझी! आता आडवा आला केडीई या डेस्कटॉपचा 'आर्ट्स' नावाचा साउंड सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचे आवाज मिसळून पुढे देणारा प्रोग्रॅम. भांडण सोडवायला आलेला हा गृहस्थ स्वतःच कळशी लावून बसला होता. त्यालाही उडवलं, तोवर ताईने वैतागून घरच्या फोनवर एसटीडी लावला होता.

२००८ मध्ये आमच्या कॉम्प्युटरवर पल्सऑडिओ हा नवा साउंड सर्व्हर आला. त्याने सगळ्यांना एकत्र वाजवलं खरं, पण सुरुवातीला आमच्याकडे प्रत्येक पदाच्या मागे कुणीतरी भडंग खात असल्यासारखी कुरकुर. आता त्याच्या जागी पाइपवायर आहे, तक्रार नाही. पद, भाच्याचा गेम, ताईचा कॉल, सगळं एकदम.

तरी ताईचा कॉल आला की अण्णा आतल्या खोलीतून विचारतातच, "माझी कळशी काढू का रे?"