दोन डेटाबेस एका क्वेरीत येत नाही म्हणे!

राजेहो, तो फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला ग्रुपवर. म्हणे एका क्वेरीत (डेटाबेसले माहिती मागायची कमांड) एकच डेटाबेस चालते, दोन वर्षांचा हिशोब पायजे तर दोन्ही एक्सेलमध्ये काढा अन् खाली-खाली चिकटवा, दोन क्वेरींच्या ओळी एकाखाली एक जोडाले युनियन लावा की युनियन ऑल काही फरक नाही, अन् दोन सर्व्हर जोडले की सगळं स्लो. मी हिंगणघाटकडे एका जिनिंगात काट्यावरचं कॉम्प्युटर पाहतो. आमचं सॉफ्टवेअर दर मार्चनंतर नवा डेटाबेस बनवते अन् कापूस त एप्रिलमध्येही येत राहते, म्हणून हे जोडाजोडीचं काम दरसालचंच.

एकच डेटाबेस चालते हे खोटं. मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकाच सर्व्हरवर असले तर टेबलाआधी डेटाबेसचं नाव अन् टिंब, झालं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मधात स्कीमाचं (डेटाबेसातला टेबलांचा कप्पा) नाव येते, एसक्यूलाइटमध्ये दुसरी फाइल अटॅच करा. हां, पोस्टग्रेसवाल्यानं लिहिलं असन तर अर्धं खरं, तिथं थेट होत नाही, पण दुसऱ्या डेटाबेसातलं टेबल इथंच दाखवणारं एफडीडब्ल्यू एक्स्टेन्शन 2013 च्या 9.3 व्हर्जनपासून आहेच ना.

एक्सेलचं त बोलूच नका. कास्तकाराचा कोड 00417, सीएसव्ही (साधी टेक्स्ट फाइल) एक्सेलमध्ये उघडली की 417. करा आता मेळ.

अन् युनियनचं मले चांगलंच महागात पडलं. एका भाऊच्या एकाच दिवशी दोन बंड्या आल्या, योगायोगानं दोन्ही 8.40 क्विंटल, अन् मी क्वेरीत कोड, तारीख, वजन एवढंच घेतलं, पावती नंबर घेतलाच नाही. युनियन सारख्या ओळी एक करते, त्या एकाच डेटाबेसातल्या असल्या तरी, त्यानं एक बंडी गिळली. सातहजाराच्या भावानं 58,800 रुपये कमी निघाले अन् भाऊ दोन्ही पावत्या घेऊन दारात उभे. युनियन ऑल एकही ओळ गाळत नाही, ते लावलं, बंडी परत आली.

स्लोचं थोडं खरं आहे, दुसऱ्या मशीनवरून अख्खं टेबल ओढलं तर होणारच, तारखेची अट दोन्ही सिलेक्टमध्ये (जोडलेल्या दोन्ही क्वेरींत) आतच टाका.

फॉरवर्डवाल्यानं खरी भानगड सांगितलीच नाही. युनियन कॉलमचं नाव पाहत नाही, तो कितव्या नंबरवर आहे ते पाहते. जुन्या डेटाबेसात आधी नाव मग गाव, नव्यात उलटं, मी दोन्हीकडं स्टार (म्हणजे सगळे कॉलम जसेच्या तसे) टाकून मोकळा, एरर काहीच नाही, अन् रिपोर्टात कास्तकाराच्या नावाखाली अल्लीपूर, वडनेर, अल्लीपूर छापून आलं.