'फॉर्म भरणाऱ्यांना वॉर्ड काय कळणार' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इन्सिडेंट रिपोर्ट (वॉर्डात काही चुकलं की लिहायची नोंद) लिहिणाऱ्या सिस्टरला मेमो देऊ नका, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांसाठी इथे देते: "एसीत बसून फॉर्म भरणाऱ्यांना वॉर्ड काय कळणार? चूक करणाऱ्याचं नाव लपवणं म्हणजे पांघरूण घालणं. नातेवाइकांना तर काहीच सांगत नाहीत. आणि एनएबीएचची टीम येणार म्हटलं की एका रात्रीत रजिस्टरं भरतात."

शेवटचं खरं आहे. (एनएबीएच म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासून मान्यता देणारं मंडळ.) काही ठिकाणी तसं होतं, मीही पाहिलंय. पण पहिल्या वाक्याचं काय करू? मतभेद असू द्या, तो मांडायची ही रीत नव्हे. मी स्टाफ नर्स म्हणून लागले ती मेडिसिन वॉर्डात. कॉट भरल्या की खाली गाद्या, रात्री दोन स्टाफ आणि एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय. ड्युटी संपवून बसमध्ये बसले की चपलेत पाय मावायचे नाहीत. क्वालिटीचं, म्हणजे हॉस्पिटलचा दर्जा तपासण्याचं, काम माझ्याकडे आलं ते फार नंतर. तुम्ही मला ओळखत नाही, विचारलंही नाहीत, थेट एसीत नेऊन बसवलंत.

त्या वॉर्डातली एक गोष्ट सांगते. अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला डिस्टिल्ड वॉटर लागतं. ट्रॉलीत त्याच कप्प्यात पोटॅशियम क्लोराईडच्या, म्हणजे केसीएलच्या, अँप्यूल (इंजेक्शनच्या छोट्या कुप्या) होत्या. त्याही दहा एमएलच्या, तशाच प्लॅस्टिकच्या, लेबल बारीक. केसीएल न मिसळता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. आमच्यातल्या एका नवीन मुलीच्या हातात रात्री तीच अँप्यूल आली. सिरिंजमध्ये ओढण्याआधी तिने लेबल पुन्हा वाचलं, म्हणून निभावलं. सकाळी पुढच्या ड्युटीला ओव्हर देताना ती रडत होती. इन्चार्ज सिस्टर रागावल्या नाहीत. "लिहून दे" म्हणाल्या. त्या एका कागदावरून केसीएल वॉर्डाच्या ट्रॉलीतून निघालं आणि फार्मसीच्या कुलपात गेलं. तुमच्या पद्धतीने तिचं नाव नोटीस बोर्डावर लागलं असतं, तर पुढच्या मुलीने अँप्यूल गुपचूप परत कप्प्यात ठेवली असती आणि कप्पा तसाच राहिला असता.

हे मी नंतर दुसऱ्या हॉस्पिटलात प्रत्यक्ष पाहिलं. (त्याचं नाव देणार नाही.) पेशंट कॉटवरून पडल्याचं एका सिस्टरने प्रामाणिकपणे लिहिलं, तिला मेमो मिळाला. त्यानंतर त्या मजल्यावर रिपोर्ट येणंच बंद झालं. पेशंट पडायचे थांबले म्हणून नव्हे.

विमान कंपन्यांचं पाहा. अमेरिकेत 1976 पासून वैमानिक आपली चूक गोपनीयपणे कळवू शकतात, आणि ती नोंद परवाना देणाऱ्या खात्याकडे ठेवत नाहीत, नासा सांभाळते. अपघात आणि गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. मुद्दाम केलेल्या गोष्टीला माफी मीही मागत नाही, लेखात तसं लिहिलं होतं. तुम्ही तिथवर वाचलंत का, शंका आहे.

आणि नाव छापायचीच हौस असेल, तर अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाची आग आठवा. 6 नोव्हेंबर 2021, अतिदक्षता विभाग, त्या दिवशी 11 रुग्ण गेले. अटक झाली एका वैद्यकीय अधिकारी बाईंना आणि तीन परिचारिकांना. नावं सगळ्या पेपरांत आली. वायरिंग कोणी तपासायचं होतं, त्यांची नावं तुम्हाला पाठ आहेत का? मला नाहीत.

नातेवाइकांचा विषय वेगळा आहे, इथे त्यात शिरत नाही.

तुमच्या घराजवळच्या हॉस्पिटलात केसीएल ट्रॉलीत ठेवतात की कुलपात, एवढं एकदा विचारून या. मग पुढे बोलू.