शिंजीने असुकाला मारलेलं नाही

‘द एंड ऑफ इव्हँजेलियन’ या जपानी ॲनिमेशनपटाच्या (१९९७) शेवटी किशोरवयीन नायक शिंजी त्याची सहकारी असुका हिचा गळा दाबून तिला ठार करतो, असं सध्या छातीठोकपणे सांगितलं जातंय. तसं काही घडत नाही. लाल समुद्राकाठी तो तिचा गळा आवळतो, हे खरं. ती झटापट करत नाही. हात उचलून त्याच्या गालावरून फिरवते. तिथेच त्याची पकड सुटते, तो रडू लागतो आणि आसवं तिच्या चेहऱ्यावर टपटपतात. मग ती बोलते, किळस आल्यासारखी. मेलेलं माणूस बोलत नाही, एवढं तरी मान्य व्हावं!

बहुधा आधीच्या स्वयंपाकघरातल्या प्रसंगाशी सरमिसळ होत असावी. तिथेही तो तिचा गळा धरतो, पण ते सगळं मनाच्या पातळीवरचं, आणि तिथे असा हात गालाकडे येत नाही.

‘जगात आता हे दोघंच उरले’ हेही अर्धवट. शेवटाआधी सगळी माणसं विरघळून एकत्र मिसळतात, पण जगायची इच्छा असेल त्याला पुन्हा माणसाचं रूप घेता येईल, असं चित्रपटातच सांगितलंय. म्हणजे असुका स्वतःहून परतली, असं मी तरी धरतो. तो स्पर्श माया की कीव, यावर खुशाल भांडा. दिग्दर्शक हिदेआकी आन्नोंनी त्याचं उत्तर पडद्यावर दिलेलं नाही.